मांडवी ते मदनपुरा : मुंबईतील प्लेगची लस आणि वस्त्यावस्त्यांतील अंतर

लहान मुलाला देवी टोचणे ही गोष्ट एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईला नवी राहिलेली नव्हती. १४ जून १८०२ रोजी याच शहरात ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला गोस्तन देवीची, म्हणजे गायीच्या आचळांवर फोड उठवणाऱ्या सौम्य रोगाच्या द्रव्याची, लस टोचण्यात आली आणि हिंदुस्थानातील ती पहिली लस ठरली. पुढे पाऊण शतकाने, १८७७ साली, मुंबई शहरापुरता कायदा होऊन तान्ह्या मुलांना देवी टोचणे सक्तीचे झाले. लोक ज्यांना ‘देवी डॉक्टर’ म्हणत ते टोचणारे कर्मचारी, जन्माच्या नोंदीवरून पालकांना जाणारी नोटीस आणि नोटीस न पाळणाऱ्याला होणारा दंड अशी सगळी यंत्रणा त्यासाठी उभी होती. ही यंत्रणा मुलांपुरती होती. धडधाकट, कमावत्या प्रौढ माणसाने आपण होऊन दंड पुढे करावा आणि अंगात उठणारा ताप सोसावा, अशी मागणी या शहरातील सामान्य माणसाकडे मोठ्या प्रमाणावर प्रथम झाली ती १८९७ च्या प्लेगमध्ये. त्या मागणीला शहराच्या सगळ्या भागांनी सारखा प्रतिसाद दिला नाही. काही जमातींच्या वस्त्यांत लोक हजारोंनी पुढे आले, तर काही मोहल्ल्यांत लस घेऊन जाणाऱ्या माणसाला दार उघडले गेले नाही. या अंतराची कारणे तत्कालीन सरकारी अहवालांत बहुधा ‘अज्ञान’ आणि ‘पूर्वग्रह’ या दोन शब्दांत आटोपलेली आढळतात. प्रत्यक्षात ती बरीच खोल होती, आणि त्यांतील बहुतेक कारणे टोचून घेणाऱ्याच्या मनापेक्षा त्याच्या घराशी, त्याच्या मजुरीशी आणि त्याच्या दाराशी सरकार यापूर्वी कोणत्या रूपात येऊन गेले होते याच्याशी निगडित होती.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात दवाखाना चालवणारे डॉ. अकासियो गाब्रिएल व्हिएगस यांनी एका रुग्णाचा ताप आणि जांघेतील गाठ पाहून हा ब्यूबॉनिक प्लेग, म्हणजे तत्कालीन मराठी वृत्तपत्रांच्या भाषेत ‘ग्रंथिक सन्निपात’, असल्याचे निदान केले. व्हिएगस हे गोव्यातील हडफड्याचे. मांडवी ही बंदराला लागून असलेली, धान्याच्या वखारींनी आणि त्यांवर चढवलेल्या दाट बिऱ्हाडांनी भरलेली वस्ती. वखारीत धान्य, धान्यावर उंदीर आणि वर माणसे अशी तिची रचना होती, जरी उंदराच्या अंगावरील पिसू हाच रोगाचा वाहक आहे हे पॉल-लुई सिमाँ यांच्या १८९८ च्या प्रयोगापर्यंत कोणालाच ठाऊक नव्हते आणि त्यानंतरही काही वर्षे सर्वमान्य झाले नव्हते. १८९१ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या ८,२१,७६४ होती. १८९७ च्या फेब्रुवारीपर्यंत त्यांतील जवळपास निम्मी माणसे शहर सोडून गेली. आगबोटीने रत्नागिरीकडे, रेल्वेने घाटावर आणि गुजरातेत, ज्याला जसे जमेल तसे लोक गेले. जे मागे राहिले त्यांत एकीकडे हवेशीर बंगल्यांत राहणारे होते आणि दुसरीकडे जायला गावच नसलेले किंवा गिरणीत थकलेला पगार सोडून जाणे न परवडणारे.

वाल्डेमार हाफकिन साथीच्या सुरुवातीलाच कोलकात्याहून मुंबईस आले होते. १८६० साली ओडेसा येथे ज्यू कुटुंबात जन्मलेला हा जीवाणुशास्त्रज्ञ पॅरिसच्या पाश्चर संस्थेत काम केलेला, पेशाने वैद्य नसलेला आणि रशियाचा प्रजाजन असल्यामुळे ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या मनात कायम थोडा संशय जागवणारा होता. १८९४ मध्ये कोलकात्याच्या बस्त्यांमध्ये कॉलऱ्याची लस टोचताना त्यांनी एक पद्धत बसवली होती, जिचे महत्त्व पुढे या विषयात फार मोठे ठरते : एकाच घरात राहणाऱ्या, एकाच तळ्याचे पाणी पिणाऱ्या माणसांपैकी काहींनी लस घेतली आणि काहींनी घेतली नाही, तर त्यांचीच आपसात तुलना करायची, म्हणजे घर, पाणी आणि अन्न यांतील फरक हिशेबात घुसत नाही.

ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये त्यांना एक खोली, लगतची ओसरी, एक कारकून आणि तीन शिपाई एवढेच मिळाले. तेथे त्यांनी जी लस तयार केली तिची कृती मुंबईच्या स्वयंपाकघरापासून फार दूरची नव्हती. मांसाच्या अर्कात, ज्याला प्रयोगशाळेत ‘ब्रॉथ’ म्हणतात, प्लेगचे जंतू वाढवायचे. त्या अर्कासाठी गोमांस किंवा डुकराचे मांस न वापरता बकऱ्याचे मांस घेतले जाई, कारण या शहरात दुसरे काही चालण्यासारखे नव्हते. चंबूतील अर्कावर तुपाचे थेंब सोडले जात. थेंब वर तरंगत, जंतू त्या थेंबांच्या खालच्या अंगाला धरून वाढत आणि काही दिवसांनी गुहेच्या छतातून लोंबणाऱ्या लवणस्तंभांसारखे पांढुरके धागे अर्कात खाली उतरत. चंबू हलवला की ते धागे तुटून तळाशी बसत आणि वर नवे धागे धरू लागत. असे काही आठवडे चालल्यावर सगळा अर्क तापवून जंतू मारले जात आणि त्यात थोडे कार्बॉलिक आम्ल घालून तो बाटल्यांत भरला जाई. ही मेलेल्या जंतूंची लस हाफकिन यांनी १० जानेवारी १८९७ रोजी स्वतःला टोचून घेतली, आणि तीही इतरांना पुढे दिली जाणार होती त्याहून कितीतरी अधिक प्रमाणात.

महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला आणि हाफकिन यांना हवी तशी जागा मिळाली. ३० जानेवारीला स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना लस टोचण्यात आली, उरलेल्यांना टोचली नाही, आणि दोन्ही गटांचे अन्न, काम, कोठड्या व पहारा तेच राहिले. लस न घेतलेल्यांपैकी १२ जणांना प्लेग झाला व त्यांतील ६ दगावले. लस घेतलेल्यांपैकी दोघांना रोग झाला आणि दोघेही वाचले. संख्या लहान होती, परंतु या प्रयोगाचे बळ संख्येत नव्हते. मुंबईच्या पोटात ही एकच जागा अशी होती जिथे गल्ली आणि माडी, वाडी आणि बंगला, पगारी आणि बदली हा भेद भिंतीबाहेर राहिला होता. तुरुंगात वस्त्या नव्हत्या, म्हणून लसीचे मोजमाप स्वच्छ मिळाले. भिंतीबाहेरच्या शहरात ते तसे मिळणार नव्हते.

पोर्तुगीज अमलाखालील दमण येथील आकडे पाहिले म्हणजे हे स्पष्ट होते. १८९७ च्या वसंतात तेथे प्लेगने कहर केला, तेव्हा दमण गावातील ८,२३० रहिवाशांपैकी २,१९७ जणांनी लस घेतली आणि ६,०३३ जणांनी घेतली नाही. लस घेतलेल्यांपैकी ३६ मेले, म्हणजे शेकडा १.६; न घेतलेल्यांपैकी १,४८२ मेले, म्हणजे शेकडा २४ हून अधिक. या आकड्यांनी युरोपात हाफकिन यांचे नाव झाले. त्याच गावातील पारशी जमातीचे आकडे मात्र वेगळे काढून पाहावे लागतात : ३०६ पारशांपैकी २७७ जणांनी लस घेतली होती. संपूर्ण गावात चौघांमागे साधारण एकाने लस घेतली असताना पारशी मोहल्ल्यात दहांपैकी नऊ जणांनी ती घेतली, आणि हे अंतर एकाच गावात, एकाच महिन्यांत, एकाच माणसाने आणलेल्या बाटल्यांबाबत पडले. पारशी घरे इतरांपेक्षा अधिक प्रशस्त होती, त्यांना डॉक्टर परका नव्हता आणि घरात दोन दिवस पडून राहण्याची सवड होती. ज्या गोष्टींमुळे माणूस लस घेई, त्याच गोष्टींमुळे तो मुळात प्लेगपासूनही थोडा दूर असे. म्हणून लस घेतलेल्या आणि न घेतलेल्या माणसांच्या मृत्यूंतील अंतर सगळेच्या सगळे लसीच्या खाती जमा करता येत नाही. त्यातील काही वाटा घराचा आणि खिडकीचा असतो. १८९८ साली टॉमस फ्रेझर यांच्या अध्यक्षतेखाली नेमल्या गेलेल्या प्लेग आयोगाने लस उपयुक्त असल्याचे मान्य केले, पण आकड्यांच्या काटेकोरपणाबद्दल शंका घेतली, तिचे एक मूळ येथे आहे.

मुंबई शहरात लस घेणाऱ्यांत सर्वांत ठळक उदाहरण खोजा जमातीचे आहे. खोजा म्हणजे इस्माइली पंथाचे, बहुतांशी व्यापारात असलेले, मूळचे गुजरात-कच्छकडील लोक. त्यांची मोठी वस्ती मांडवी आणि डोंगरीच्या आसपास, म्हणजे जिथे प्लेग प्रथम सापडला त्याच भागात होती. त्यांचे धर्मप्रमुख तिसरे आगाखान, सुलतान मुहम्मद शाह, हे त्या वेळी जेमतेम वीस वर्षांचे होते. त्यांनी अनुयायांसमोर स्वतःला लस टोचून घेतली, एकदा नव्हे तर अनेकदा, आणि हाफकिन यांना प्रयोगशाळेसाठी आपली खुश्रू लॉज ही मोठी वास्तू दिली. जमातीतील हजारो लोकांनी लस घेतली. निम्मी जमात टोचली गेली असे म्हटले जाते. डोंगरीतील खोजाचे घर शेजारच्या कोकणी मुसलमानाच्या किंवा भंडाऱ्याच्या घरापेक्षा फार निराळे होते असे नाही, रस्ता तोच, गटार तेच. निराळी होती ती एक गोष्ट : त्याला लस घ्यायला सांगणारा माणूस त्याचा स्वतःचा होता, आणि त्याने आधी आपला दंड पुढे केला होता.

हीच गोष्ट, लहान प्रमाणावर, व्हिएगस यांच्याबाबत दिसते. त्यांनी स्वतःच्या हाताने सुमारे १८,००० लोकांना लस टोचल्याचे नोंदवले जाते. पूर्वीपासून ज्याच्याकडे पोराचा खोकला आणि बाळंतिणीचा ताप दाखवायला जायची सवय आहे, अशा गल्लीतल्या डॉक्टरच्या हातातील सुई आणि सोजिराच्या सोबतीने आलेल्या अनोळखी माणसाच्या हातातील सुई या दोन वेगळ्या वस्तू होत्या, मग आतील द्रव एकाच चंबूतून भरलेला का असेना.

गिरणी कामगारांच्या वस्त्यांत लस पोहोचण्यापूर्वी काय पोहोचले होते याचा क्रम पाहणे आवश्यक आहे. ६ ऑक्टोबर १८९६ रोजी म्युनिसिपल कमिशनर स्नो यांनी काढलेल्या जाहीरनाम्याने रोग्याला सक्तीने इस्पितळात नेण्याचा अधिकार अधिकाऱ्यांना दिला. त्याच महिन्याच्या अखेरीस सुमारे एक हजार गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला. राणीच्या पुतळ्याला कोणीतरी डांबर फासले होते आणि त्या अपमानाच्या बदल्यात राणीने मुंबईकरांची काळजे मागितली आहेत, इस्पितळात नेलेल्या माणसाचे काळीज काढून घेतले जाते, अशी वदंता त्या दिवसांत शहरभर होती. ती खोटी होती हे उघड आहे; पण इस्पितळात गेलेले बहुतेक जण परत येत नसत ही गोष्ट खरी होती, आणि वदंतेने तिलाच आपल्या परीने कारण पुरवले होते. सक्तीच्या भयाने भंगी आणि हलालखोर शहर सोडून गेले तर मैल्याचे काय करायचे, या धास्तीने म्युनिसिपालटीने जाहीरनामा सैल केला. पुढे ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथीच्या रोगांचा कायदा झाला, मार्चमध्ये जनरल गॅटेकर यांच्या हाताखाली प्लेग समिती आली आणि पहाटे गल्लीची दोन्ही टोके अडवून घरोघरची झडती सुरू झाली. छपरांची कौले उतरवून आत ऊन पाडले गेले, सामान जाळले गेले, आणि राहण्यास नालायक ठरवलेल्या घरांच्या भिंतींवर ‘यू. एच. एच.’ ही तीन इंग्रजी अक्षरे रंगवली गेली. ती वाचता न येणाऱ्या माणसालाही त्यांचा अर्थ लवकरच कळू लागला.

या पार्श्वभूमीवर लस ही काय चीज होती? टोचल्यानंतर काही तासांत ताप चढे, दंड किंवा कूस सुजे, अंग ठणके, आणि हे एक-दोन दिवस चाले. ज्या महिन्यांत अंगात ताप असणे हेच माणसाला आर्थर रोडला घेऊन जाण्यास पुरेसे कारण होते, त्या महिन्यांत मुद्दाम ताप आणवून घेणे म्हणजे झडतीवाल्याच्या तावडीत आपणहून सापडणे होय, असे चाळीतल्या माणसाला वाटले तर त्यात अडाणीपणा कोणता? शिवाय मजुरीचा प्रश्न होता. गिरण्यांत महिन्याचा पगार पुढच्या महिन्यात आणि तोही उशिरा देण्याची रीत होती, पण १८९७ च्या पहिल्या महिन्यांत माणसे इतकी घटली की मालकांनी नाइलाजाने रोजच्या रोज पगार देऊ केला आणि मुकादम, म्हणजे कामगार भरती करणारे जॉबर, नाक्यानाक्यावर उभे राहून मजुरीची बोली लावू लागले. जो कामगार शहरात राहिला होता त्याच्या आयुष्यात त्याच्या एका दिवसाला एवढा भाव प्रथमच आला होता, आणि नेमक्या त्या दिवसांतले दोन दिवस अंथरुणात घालवा असे त्याला सांगितले जात होते. ही लस देवीसारखी जन्मभर पुरणारीही नव्हती. तिचे संरक्षण मर्यादित काळ टिके आणि प्लेग तर दरवर्षी हिवाळ्याच्या अखेरीस उलटून येई, त्यामुळे पुढच्या हंगामात पुन्हा टोचून घेणे, पुन्हा ताप आणि पुन्हा खाडा हे आलेच. मलबार हिलवरच्या घरात ताप हा ताप होता, परळच्या चाळीत तो खाडा होता. पहिल्या हंगामात सव्वाआठ लाखांच्या शहरात लस घेणाऱ्यांची संख्या काही हजारांच्या पलीकडे फारशी गेली नाही याचे आश्चर्य वाटू नये.

सरकारने प्लेगची लस सक्तीची केली नाही, ही गोष्ट येथे नोंदवली पाहिजे. रोग्याला उचलून नेणे सक्तीचे, घर मोकळे करणे सक्तीचे, प्रवाशाची तपासणी सक्तीची, पण लस ऐच्छिक, असा तो विचित्र मेळ होता. सक्तीने दंगल होईल ही भीती त्यामागे होती आणि ती निराधार नव्हती. २२ जून १८९७ रोजी पुण्यात गणेशखिंड रस्त्यावर प्लेग अधिकारी वॉल्टर रँड यांच्यावर चापेकर बंधूंनी गोळ्या झाडल्या, त्यामागे पुण्यातील झडत्यांचा संताप होता. मुंबईत ९ मार्च १८९८ रोजी मदनपुऱ्यात, उत्तर हिंदुस्थानातून आलेल्या जुलाह्यांच्या, म्हणजे हातमागावर विणणाऱ्या मुसलमान मोमिनांच्या मोहल्ल्यात, तपासणी पथक एका आजारी मुलीला पाहण्यासाठी आले. परक्या पुरुषाने मुलीला तपासू नये म्हणून घरच्यांनी अडवले, गर्दी जमली, पोलिसांनी गोळीबार केला आणि दंगल शहरभर पसरली. त्यापाठोपाठ गोदीतील मजूर आणि गाडीवान यांनी काम बंद केले.

मदनपुरा आणि डोंगरी यांच्यात पायी चालत गेल्यास अर्ध्या तासाहून अधिक अंतर नाही. दोन्हीकडे मुसलमान वस्ती होती, तेव्हा धर्माच्या नावावर या फरकाचा उलगडा होत नाही. जुलाह्यांना आगाखान नव्हता. सरकारदरबारी त्यांच्या वतीने बोलणारा, दोन दिवस माग बंद राहिला तर तांदळाची सोय करणारा, बायकांसाठी बाईमाणूस डॉक्टर आणा असे खडसावून सांगणारा शेठ त्यांच्यापाशी नव्हता. ज्या जमातींपाशी असे लोक होते त्यांनी आपापली इस्पितळे काढण्याची परवानगी मिळवली. पारशी, जैन, भाटिया, मेमन, खोजा अशी जमातवार प्लेग इस्पितळे उभी राहिली आणि तेथे रोग्याच्या उशाशी नातेवाईक बसू शकत. लसही बहुधा त्याच वाटेने फिरली. जमातीची पंचायत, जमातीचा दवाखाना, जमातीचा डॉक्टर, अशी जिथे साखळी होती तिथे ती दारापर्यंत गेली. जिथे साखळीच नव्हती तिथे दारापर्यंत पोहोचणारा एकमेव माणूस म्हणजे झडतीचा शिपाई होता.

तेव्हाच्या बडोदे संस्थानातील उंढेरा या गावी फेब्रुवारी १८९८ मध्ये झालेला प्रयोग या संदर्भात फार बोलका आहे. हाफकिन यांनी तेथे कुटुंब हे एकक धरले आणि प्रत्येक घरातील साधारण निम्म्या माणसांना लस टोचली. पुढे ज्या २८ कुटुंबांत प्लेग शिरला, त्यांतील लस घेतलेल्या ७१ जणांपैकी ८ आजारी पडून ३ मेले आणि लस न घेतलेल्या ६४ जणांपैकी २७ आजारी पडून त्यातले २६ मेले. एकाच छपराखाली, एकाच चुलीवर जेवणारे लोक होते हे. उंढेऱ्यासारख्या गावात शेतकऱ्यांनी ज्या लसीला अंग दिले ती लस मुंबईच्या कामगार वस्तीला अडाणीपणामुळे कळली नाही, असे म्हणणे त्यामुळे अवघड होते. फरक असा की गावात सगळ्या घरांत मिळून एक दिवस ठरवून काम झाले, संस्थानचा अंमलदार आणि गावचे वडीलधारे समोर होते, आणि सुई येण्यापूर्वी कोणी घराची कौले उतरवून गेले नव्हते.

१८९८ नंतर सरकारने सक्तीचा जोर कमी केला आणि दाखल्याचे आमिष पुढे केले. लस घेतलेल्या माणसाला टोचल्याचा दाखला मिळे आणि तो दाखवला की विलगीकरणाच्या छावणीतून, म्हणजे रोग्याच्या सहवासात आलेल्यांना ठेवण्यासाठी बांधलेल्या झोपड्यांच्या तळातून, तसेच प्रवासातील काही जाचातून त्याची सुटका होई. व्यापाऱ्याला आणि कारकुनाला हा दाखला सोन्यासारखा होता, कारण त्यांची रोजी फिरण्यावर आणि दुकान उघडे राहण्यावर होती. ज्याला फिरायचे नव्हते, ज्याची चाळच पुन्हापुन्हा मोकळी केली जात होती, त्याला त्या कागदाचा उपयोग कमी होता. लस न घेतल्याचा भार मात्र त्याच्यावरच अधिक पडे, कारण छावणीत तोच जाई.

या सगळ्यावर ३० ऑक्टोबर १९०२ ची घटना येऊन आदळली. पंजाबातील मुल्कोवाल या गावी लस टोचलेल्यांपैकी १९ जण धनुर्वाताने मेले. सगळ्यांना टोचलेला द्रव एकाच बाटलीतला होता. दोष लस तयार करणाऱ्या परळच्या प्रयोगशाळेवर आणि हाफकिन यांच्यावर ठेवला गेला. प्रत्यक्षात बाटली गावात उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करता वापरला गेला होता. परंतु हे मान्य होऊन हाफकिन निर्दोष ठरायला, रोनाल्ड रॉस यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी जाहीरपणे बाजू घेतल्यावर, १९०७ साल उजाडले. मधल्या पाच वर्षांत लसीवरचा विश्वास खचला तो सगळीकडे सारखा खचला नसणार. ज्याच्या ओळखीचा डॉक्टर होता त्याला खुलासा विचारायला जागा होती. ज्याला नव्हता त्याच्यापर्यंत फक्त १९ मृत्यूंची बातमी गेली.

लसीचे घर तोवर परळला स्थिरावले होते. १० ऑगस्ट १८९९ रोजी गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये प्लेग संशोधन प्रयोगशाळेचे उद्‌घाटन केले. १९२५ मध्ये तिला हाफकिन यांचे नाव मिळाले आणि तोपर्यंत तेथून प्लेगच्या लसीच्या सुमारे २ कोटी ६० लाख मात्रा बाहेर गेल्या होत्या. चहूबाजूंनी गिरण्यांची धुराडी आणि कामगारांच्या चाळी यांच्या मधोमध ही वास्तू उभी होती. प्लेगच्याच निमित्ताने १८९८ साली स्थापन झालेल्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने नागपाडा, मांडवी आणि आसपासच्या दाट वस्त्या पाडून रुंद रस्ते काढले, सँडहर्स्ट रोड आणि प्रिन्सेस स्ट्रीट हे त्यांतले, आणि पाडलेल्या खोल्यांच्या मानाने नव्या खोल्या कमी बांधल्या गेल्याने हटवलेले लोक शेजारच्या आधीच भरलेल्या चाळींत जाऊन दाटले. लसीसाठी जी वस्ती सर्वांत आधी गाठायला हवी होती ती अशी दर काही वर्षांनी हलत आणि विस्कटत राहिली, आणि जिथे गल्लीतली माणसेच बदलत राहतात तिथे डॉक्टरशी ओळख धरायला वेळ मिळत नाही.

शतकाहून अधिक काळाने, २०२१ साली, मुंबईतल्या सर्व प्रौढांना पुन्हा एकदा एकाच वेळी लस घेण्यास सांगण्यात आले. या वेळी झडतीचे सोजीर नव्हते आणि आवाहन करणारी महापालिका लोकांनी निवडलेली होती. तरीही करोनाच्या लसीसाठी नाव नोंदवायचे ‘कोविन’ हे संकेतस्थळ पहिले काही महिने इंग्रजीतून चालत होते आणि त्यावरच्या वेळा उघडताच काही क्षणांत संपत. जूनपासून खासगी रुग्णालयांत ‘कोविशील्ड’ची एक मात्रा ७८० रुपयांना होती आणि गृहनिर्माण सोसायट्या रुग्णालयांशी ठरवून आपल्या आवारातच शिबिरे भरवत होत्या. पत्र्याच्या खोलीत भाड्याने राहणाऱ्याला सोसायटी नसते. ताप तेव्हाही येत होता आणि घरकामाला जाणाऱ्या बाईचा किंवा नाक्यावर उभ्या राहणाऱ्या मजुराचा खाडा तेव्हाही भरून निघत नव्हता.

दाखलाही परत आला. १५ ऑगस्ट २०२१ पासून सर्वसामान्य प्रवाशांना लोकल गाडीत बसण्याची परवानगी मिळाली, ती दोन्ही मात्रा घेऊन १४ दिवस झालेल्यांनाच, आणि स्टेशनाबाहेर महापालिकेच्या टेबलांवर प्रमाणपत्र तपासून पास मिळवण्यासाठी शिक्का दिला जाऊ लागला. कोविशील्डच्या दोन मात्रांमध्ये तेव्हा किमान ८४ दिवसांचे अंतर ठेवावे लागे. १८ ते ४४ वयाच्या लोकांसाठी सरकारी केंद्रांवरील मोफत लस केंद्र सरकारने सर्वत्र खुली केली ती २१ जूनपासून. त्या पहिल्याच दिवशी रांगेत उभे राहून ज्याने पहिली मात्रा मिळवली असेल, अशा नालासोपाऱ्याच्या कामगाराची दुसरी मात्रा १३ सप्टेंबरला आणि लोकलचा पास लवकरात लवकर २७ सप्टेंबरला येत होता. तोपर्यंत त्याला एस.टी.ने किंवा बस बदलत बदलत, दुप्पट-तिप्पट भाडे मोजून कामावर जायचे होते.